मानेवर रुळणारे केस आणि हातातली नोकरी

1970 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मेकन शहरात, ॲलन विलिंगहॅम नावाचा तरुण तिथल्या वर्तमानपत्राकडे नोकरी मागायला गेला. काम जाहिरातींची मांडणी करण्याचं, म्हणजे टेबलाशी बसून करायचं. त्याला नकार मिळाला तो लांब केसांमुळे. त्याच जुलैत मेकनजवळच्या बायरन गावात मोठा पॉप महोत्सव भरला होता. जिमी हेंड्रिक्स तिथे गायला होता आणि लाखो लांब केसांची पोरं त्या मुलखात उतरली होती. गावातले जुने लोक आणि व्यापारी बिथरले होते. केस वाढवलेला माणूस कचेरीत दिसला तर जाहिरातदार नाराज होतील, अशी वर्तमानपत्राच्या चालकांना धास्ती होती.

विलिंगहॅमने कोर्टात जाऊन साधा प्रश्न विचारला. एवढेच लांब केस असलेली बाई आली असती, तर तिला काम मिळालं असतं ना? मग हा स्त्री-पुरुष भेदभाव नाही का? 1973 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. पण 1975 मध्ये पूर्णपीठाने तो फिरवला. माणसाला बदलता येत नाही अशा गोष्टीवरून त्याला डावललं तर कायदा मध्ये पडेल, केस तर सहज कापता येतात, असं न्यायालयाचं म्हणणं. मालकाचा नियम पटत नसेल तर उमेदवाराने दुसरीकडे नोकरी बघावी. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या लांब केसांच्या पुरुषांना कोर्टात हेच उत्तर मिळत राहिलं.

या युक्तिवादात एक मोठी उणीव आहे. कंपनीचा गणवेश संध्याकाळी घरी जाऊन उतरवता येतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालायला मनाई केली. तो नियम कुणाला आवडो न आवडो, रविवारी त्याचा काही त्रास नव्हता. केसांचं तसं नाही. सोमवारच्या ड्युटीसाठी कापलेले केस रविवारी परत डोक्यावर येत नाहीत. मालक पगार देतो आठ-नऊ तासांचा आणि नियम लावतो चोवीस तासांचा.

ब्रिटनमध्येही असंच घडलं. सेफवे या सुपरमार्केटमध्ये खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका पुरुषाला पोनीटेल ठेवल्यामुळे काढून टाकलं. तिथल्या बायकांना लांब केस बांधून काम करायची मुभा होती. तरी 1996 मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचीच बाजू उचलून धरली. स्त्री-पुरुषांसाठी रूढ नीटनेटकेपणाचे नियम वेगळे असले तरी चालतात, फक्त एकूण विचार करता ते एकाला जाचक आणि दुसऱ्याला सैल नसावेत, असा तो निकाल होता. पण रूढ म्हणजे कुणाच्या मते रूढ, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याच देशात त्याआधी तीसेक वर्षं शीख बसचालकांनी वेगळा रस्ता धरला होता. वुल्वरहॅम्प्टनमध्ये 1967 साली तरसेमसिंग संधू हे चालक आजारपणानंतर दाढी राखून, पगडी बांधून कामावर परतले. परिवहन विभागाने त्यांना घरी पाठवलं. चालकाने गुळगुळीत दाढी केलेली असावी असा नियम होता. मग मोर्चे निघाले. गावातला तंटा राष्ट्रीय राजकारणात गेला. इनॉक पॉवेल या तिथल्याच खासदाराने 1968 च्या आपल्या कुप्रसिद्ध भाषणात स्थलांतरितांविरुद्ध बोलताना या वादाचा दाखला दिला. शेवटी सोहनसिंग जॉली या शीख नेत्याने नियम बदलला नाही तर स्वतःला जाळून घेण्याचा इशारा दिला आणि एप्रिल 1969 मध्ये परिवहन समितीने माघार घेतली. विलिंगहॅम कोर्टात एकटा होता, संधूंच्या मागे अख्खा समाज उभा राहिला. निकालातला फरक बराचसा इथूनच आला.

सिंगापूरमध्ये तर सरकारच कंबर कसून उतरलं होतं. हिप्पी संस्कृती तरुणांना बिघडवेल या भीतीने 1970 च्या दशकात सरकारी कचेऱ्यांत भित्तिपत्रकं लागली. त्यांवर पुरुषांच्या डोक्यांची चित्रं होती आणि लांब केस कशाला म्हणायचं तेही लिहिलेलं होतं: कपाळावरून भुवयांना टेकणारे, कान झाकणारे किंवा शर्टाच्या कॉलरखाली उतरणारे. असे केस असलेल्या पुरुषाचं काम खिडकीवर सगळ्यांत शेवटी होईल, अशी जाहीर सूचना होती. टपाल कचेरीत पहिला आलेला माणूस केसांपायी रांगेच्या शेपटाला जायचा. केस वाढवलेल्या सरकारी नोकरांनाही ताकिदी मिळाल्या. 1972 मध्ये लेड झेपेलिन या बँडला याच कारणाने देशात येऊ दिलं नाही. 

केसांवरचा प्रत्येक नियम अन्यायाचाच असतो, असं मात्र म्हणता येणार नाही. लेथ मशीनवर किंवा फिरत्या पट्ट्याजवळ मोकळे केस म्हणजे जिवाशी खेळ. हॉटेलच्या भटारखान्यात टोपी किंवा जाळी हवीच. दाढीमुळे श्वसनाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हेही खरं. कोविडच्या काळात रुग्णसेवेसाठी काही शीख डॉक्टरांना दाढी काढावी लागली. पण त्याच काळात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी दुसरी वाट शोधली. दाढी रबरी पट्ट्याने हनुवटीखालून घट्ट झाकायची आणि वरून मास्क लावायचा. शिखांच्या दाढी बांधायच्या पट्टीवरून तिला ‘सिंग ठाठा’ हे नाव पडलं. जिथे कारण खरं असतं तिथे तोडगा शोधता येतो. ‘गिऱ्हाइकाला आवडत नाही’ असं कारण असेल, तर कात्रीशिवाय दुसरा तोडगा कुणी सुचवतही नाही.

आपल्याकडचं चित्र गुंतागुंतीचं आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान ही कारणं आहेत, दिसणं नाही. शिवाय खासगी कंपनीच्या नोकरभरतीला ते कलम थेट लागू होत नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या 2014 च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख पेहरावातून आणि वागण्यातून व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि 2019 च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली. पण केवळ हौसेने केस वाढवणाऱ्या पुरुषाला या कायद्याचा आधार नाही.

गणवेशातल्या नोकऱ्यांत तर जागा आणखी कमी. हवाई दलातल्या एका मुस्लिम कॉर्पोरलची दाढीवरून झालेली सेवामुक्ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये कायम ठेवली. महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका जवानाला दाढीची दिलेली परवानगी नंतर काढून घेतली गेली आणि तो निलंबित झाला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला फक्त धार्मिक काळापुरती दाढी ठेवून परत रुजू होण्याचा पर्याय सुचवला, तो त्याच्या वकिलांनी नाकारला. उलट त्याच 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने सोलापूरच्या एका उमेदवाराला दिलासा दिला. हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्याला अपात्र ठरवलं होतं. जानेवारी 2022 मध्ये मध्य प्रदेशात एका पोलीस चालकाला लांब केस आणि मिशांवरून निलंबित केलं आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच आदेश मागे घेतला.

पण हा प्रश्न फक्त गणवेशाचा नाही, पायरीचाही आहे. नाटकवाला, चित्रकार, तबलजी यांचे लांब केस आपण कलेची खूण म्हणून कौतुकाने बघतो. हिंजवडीतल्या एखाद्या वरिष्ठ प्रोग्रामरचा अंबाडाही आता कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तेच केस सोसायटीच्या दारावरच्या रखवालदाराने किंवा बँकेतल्या शिपायाने ठेवले, तर ‘हा टपोरी कुठून आणला?’ असं म्हटलं जातं. ज्याच्याशिवाय मालकाचं अडतं त्याला सूट मिळते. ज्याच्या जागी उद्या दुसरा मिळतो, त्याला न्हाव्याकडे पाठवलं जातं. यातला खरा अन्याय हाच आहे.

जगात नियम सैल झाले तेही बहुतेक ठिकाणी गरजेपोटी किंवा कोर्टाच्या धाकाने. वॉल्ट डिस्नीला स्वतःला मिशा होत्या, पण त्याच्या उद्यानांतल्या कर्मचाऱ्यांना मिशा ठेवायची परवानगी 2000 साली आणि दाढीची 2012 साली मिळाली. यूपीएस या कुरिअर कंपनीने धार्मिक भेदभावाच्या खटल्यात 2018 मध्ये 49 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि 2020 मध्ये दाढीवरची बंदी उठवली. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कृष्णवर्णीयांच्या नैसर्गिक केसरचनांना नोकरीत कायद्याचं संरक्षण दिलं. जपानमध्ये ओसाकाच्या दोन मेट्रोचालकांचं दाढीमुळे मूल्यमापन खाली आणलं होतं, 2019 मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाई द्यायला लावली. मार्च 2024 मध्ये ब्रिटिश लष्करानेही सैनिकांना दाढीची मुभा दिली.

आपल्याकडच्या कंपन्यांनी कायद्याची वाट पाहू नये. केसांबद्दल काही अट असेल तर ती नोकरीच्या जाहिरातीतच छापावी, शेजारी तिचं कारणही लिहावं, आणि तेच कारण बाईला आणि साहेबालाही लागू पडतं का ते तपासावं. कारण लिहिता येत नसेल, तर ती अट काढून टाकावी.