पाण्याखालचा गजर

समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांस पाणबुड्यांच्या घड्याळांचे काय प्रयोजन, असे कोणी आम्हांस विचारील. तथापि पाण्याची करणी ग्वाल्हेरने फार जवळून पाहिली आहे. शहराजवळ सांक नदीवर १९१६ साली बांधलेले तिगरा धरण १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले. पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपत गेले आणि २४ मीटर उंचीची भिंत ढासळली. पाण्याचे बळ असे न दिसता काम करीत असते.

पाणबुड्याच्या देहातही असेच काही झिरपते. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे तिगऱ्याच्या भिंतीएवढे खाली गेल्यास देहावर जमिनीवरच्या सुमारे साडेतीन पट भार येतो. त्या दाबाखाली श्वासातील नत्रवायू रक्तात व मांसात विरघळतो. पाणबुड्या जितका अधिक वेळ खाली, तितका नत्र अधिक. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आल्यास सोड्याची बाटली फोडावी तसे देहात बुडबुडे उठतात. सांधे असह्य दुखतात, अंग लुळे पडते, प्रसंगी प्राणही जातो. कोणत्या खोलीवर किती मिनिटे थांबत वर यावे, याचे तक्ते हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केले. परंतु गढूळ अंधारात, हात कामात गुंतलेले असता, मिनिटांचा हिशेब ठेवणार कोण? शिवाय खोलवर नत्राने बुद्धीसही धुंदी चढते. म्हणून मनगटावर गजर हवा.

गजराच्या मनगटी घड्याळात बहुधा दोन कमानी असतात. एक काटे चालविते, दुसरी इवल्या हातोडीस बळ देते. १९४७ साली स्वित्झर्लंडच्या व्हल्केन कंपनीने असे घड्याळ काढले आणि त्यास 'क्रिकेट', म्हणजे रातकिडा, हे नाव दिले. एवढासा किडा दूरवर ऐकू जातो, मग घड्याळ का जाऊ नये, हा त्यामागील विचार. आवाज घुमावा म्हणून त्याच्या बाहेरील झाकणास छिद्रे होती. पाणबुड्याच्या घड्याळात नेमकी येथेच अडचण येते: आवाजास वाट हवी, पाण्यास मात्र नको.

या कोड्याची उत्तरे निरनिराळी निघाली. झेजे-लेकूल्त्र कंपनीने १९५९ साली 'मेमोव्हॉक्स डीप सी' काढले. त्याचे नाव लॅटिन शब्दांवर बेतलेले असून त्याचा अर्थ 'स्मृतीचा आवाज' असा होतो. मनगटाच्या हालचालीने त्यास आपोआप किल्ली बसे. १९६१ साली व्हल्केनने हानेस केलर या स्विस पाणबुड्याच्या साहाय्याने 'क्रिकेट नॉटिकल' सिद्ध केले. त्यास हाताने किल्ली द्यावी लागे. परंतु तबकडीवरच थांबण्याचे तक्ते छापलेले होते आणि ३०० मीटर खोलीपर्यंत टिकण्याची त्याची ग्वाही होती. १९६८ च्या 'मेमोव्हॉक्स पोलारिस' मध्ये तीन पदरी झाकण व १६ छिद्रे आली. आतील पदर पाणी अडवी, बाहेरील पदर मनगटापासून जागा राखून आवाजास वाट देई.

आम्हांस विचाराल तर सोयीत पोलारिस सरस. परंतु पाणबुड्याची गरज ओळखण्यात नॉटिकल श्रेष्ठ. गजर केवळ 'वेळ झाली' एवढेच सांगतो; 'आता कोठे व किती थांबावे' हे तक्ता सांगतो.

तरीही यंत्रास मर्यादा असते. डिसेंबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ केलर १००० फूट खोल गेला व वाचला. त्याच्या सोबतचा पत्रकार पीटर स्मॉल आणि मदतीस उतरलेला एक तरुण पाणबुड्या मात्र दगावले.

आज हे काम मनगटावरील संगणक करतात आणि ही जुनी घड्याळे संग्राहकांकडे गेली आहेत. कोणाच्या घरी वडिलांचे असे एखादे घड्याळ असेल, तर ते जपावे, मधूनमधून किल्ली द्यावी. परंतु पाण्यात नेऊ नये. झाकणाखालचे रबर वर्षांनुवर्षांनी कडक होते, आणि एकदा पाणी झिरपू लागले की ते बाहेरून कळत नाही.