मुक्या जिवांस झालेला दंश

माणसास मधमाशी डसली तर तो वेदना बोलून दाखवितो; कुत्र्यामांजरांचें दुःख मात्र आपणांस लक्षणांवरूनच ओळखावें लागतें. तें जनावर एकाएकीं केकाटतें, तोंड जमिनीस घासतें किंवा एकच पंजा चाटीत बसतें. उडता किडा पकडण्याच्या नादांत नाक, ओठ व पुढचे पाय यांसच बहुधा दंश होतो.

मधमाशीची नांगी दातेरी असल्यामुळें ती विषाच्या पिशवीसह कातडींत रुतून राहते, व माशी उडून गेल्यावरही ती पिशवी विष सोडीतच असते. म्हणून विलंब न लावतां नखानें किंवा जाड कागदाच्या कडेनें ती खरवडून काढावी. गांधीलमाशीची नांगी सहसा मागें राहत नाहीं. मात्र ती पुनःपुन्हा डसूं शकते. नंतर ती जागा थंड पाण्यानें धुवून फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटें धरावा.

दंशावर चुना, कांदा किंवा रॉकेल लावण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. परंतु जनावर लावलेलें औषध चाटतें, हें विसरूं नये. चुन्यानें जीभ पोळते, रॉकेल पोटांत जातें आणि कांदा तर कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतो. त्याहून घातक माणसांच्या गोळ्या. ज्वरावर आपण घेतों ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते. कारण तिचें विष निवारण्याची पुरेशी शक्ति त्याच्या यकृतांत नसते. दयेपोटीं दिलेलें औषधच असें काळ ठरतें.

साधी सूज एकदोन दिवसांत ओसरते. परंतु तोंडांत वा घशांत दंश झाल्यास, किंवा धाप, ओकाऱ्या, फिक्या हिरड्या, अंग टाकणें यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. ही भयंकर प्रतिक्रिया १९०२ सालीं शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच दाखवून दिली. समुद्रांतील एका प्राण्याचें विष कुत्र्यानें पहिल्या वेळीं सोसलें, तरी कांहीं आठवड्यांनीं त्याच विषाची अल्प मात्राही त्याचा जीव घेई. या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां 'मागें कांहीं झालें नाहीं' या समजुतीवर विसंबूं नये. आग्यामोहोळाच्या अनेक माश्या डसल्या असतील, तर जनावर बरें दिसलें तरीही वैद्यास दाखवावें. मूत्रपिंडांचा बिघाड मागाहून उद्भवतो.

ज्यास आपण आश्रय दिला, त्याचे हाल जाणणें हा गृहस्थधर्मच होय.