भुयारात सोबत लागतेच

बेळगावच्या खासबाग, वडगाव, शहापूर भागातल्या विणकरांना जॅकार्ड नवीन नाही. साडीच्या काठावरची नक्षी तिथं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते. भोक असेल तिथं सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. भोकांच्याच भाषेत हर्मन हॉलरिथनं १८९० च्या अमेरिकी जनगणनेत माणसं मोजली, आणि पुढं मेनफ्रेम संगणकांनीही पंच कार्डांवरून हुकूम घेतले. या सगळ्या प्रवासात माणसाचं यंत्राशी नातं एकच राहिलं: आपण सांगायचं, त्यानं करायचं. यंत्राच्या आत दुसरा माणूस भेटू शकतो, हे ज्यांनी ठसठशीतपणे दाखवलं त्यांत १९७० च्या दशकातल्या विद्यार्थ्यांनी मेनफ्रेमवर रचलेल्या भुयारांच्या खेळांचा मान मोठा आहे. हे खेळ संगणकाच्या इतिहासातल्या मुख्य प्रकरणात बसायला हवेत, टवाळकीच्या तळटीपेत नव्हे.

त्यासाठी मुंबईचं उदाहरण आधी पाहू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातल्या संशोधकांची गणितं त्यावर सुटू लागली. रीत अशी की कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. या रीतीत एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याचं. दोघांची गाठ पडायला जागाच नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० पासून उभी केलेली ‘प्लेटो’ ही शिकवणारी यंत्रणाही पुढं याच कंपनीच्या यंत्रांवर चालू लागली. तिथं यंत्राचा वेळ इतक्या बारीक तुकड्यांत वाटला जाई, की प्रत्येकाला ते आपल्याच हाताखाली आहे असं वाटे. १९७२ च्या सुमाराला आलेल्या तिच्या चौथ्या पिढीत नारिंगी प्रकाशाचा सपाट प्लाझ्मा पडदा होता, त्यावर आडवे-उभे ५१२ ठिपके होते आणि बोटानं स्पर्श करून उत्तरही देता येई. शेकडो टर्मिनल एकाच यंत्राला जोडलेली. धडे वाचायला बसलेल्या मुलांच्या लक्षात आलं की पलीकडेही कुणीतरी बसलंय. गप्पांसाठी ‘टॉकोमॅटिक’ आणि चर्चेसाठी ‘नोट्स’ या दोन्ही सोयी १९७३ साली तिथंच निघाल्या.

१९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भुयारात उतरून राक्षसांशी लढण्याचा कागद-फाशांचा खेळ बाजारात आला, आणि वर्षभरात त्याची भुयारं प्लेटोवर उतरली. रस्टी रदरफर्डच्या खेळाचं नाव होतं ‘पेडिट५’. हे नाव एका अभ्यासगटाच्या धड्यांसाठी राखलेल्या फायलीचं. खेळ तिच्यात लपवला होता आणि सापडला की तो पुसला जाई. त्या भुयारात खेळाडू एकटाच उतरे. १९७५ मध्येच आयोवातल्या केव्हेट डंकम आणि जिम बॅटिन यांच्या ‘मोरिया’त मात्र टोळी करून उतरता येऊ लागलं. जिम श्वायगर आणि सोबत्यांचा ‘उब्लिएट’ १९७७ चा. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ वरूनच तोंड असलेली अंधारकोठडी. हा खेळ इतका कठीण होता की एकट्यानं खाली उतरणं म्हणजे मरण ओढवून घेणं. कुणी लढणारा, कुणी मंत्र जाणणारा, कुणी जखमा भरणारा, अशी जुळणी करावीच लागे. १९७९ च्या ‘अवतार’मध्ये तर खाली पडलेल्याचं शरीर वर आणायला दुसऱ्या खेळाडूंना जावं लागे. प्लेटोच्या एकूण वापरातले सुमारे ६ टक्के तास या एका खेळात गेले. कठीणपणा हेच या खेळांचं बलस्थान होतं, कारण अनोळखी माणसावर विसंबण्याची गरज त्यातूनच जन्मली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: सार्वजनिक पैशानं शिक्षणासाठी उभारलेल्या यंत्रावर राक्षस मारणं ही उधळपट्टी नाही का? वर्गाच्या वेळी धड्यांनाच प्राधान्य हवं, हे मान्यच केलं पाहिजे. अभ्यास बुडवून रात्री जागवणाऱ्यांचं नुकसानही खरं होतं. पण मोकळ्या वेळेत यंत्र नुसतं बंद ठेवण्यानं कुणाचं शिक्षण वाढत नव्हतं, आणि हे खेळ लिहिणारी मुलं प्लेटोची ‘ट्यूटर’ भाषा, आकृत्या, मोजक्या जागेत माहिती बसवण्याची कसरत हे सगळं कुणी न सांगता शिकत होती. त्या शिक्षणाचं फळही दिसलं. १९८१ साली अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी ‘विझर्ड्री’ हा खेळ घरगुती संगणकावर आणला, तो प्लेटोच्या भुयारांतूनच वर आला होता. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नं १९८६ मध्ये त्याचाच वारसा पुढं नेला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: ही सोबत तर टेबलाभोवती बसून फासे टाकतानाही मिळत होती, मग संगणकानं नवं काय दिलं? टेबलाभोवती ओळखीचे चारजण जमतात. मेनफ्रेमनं वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांचा चेहरा न पाहिलेल्या माणसांना एकाच संकटात उभं केलं. ही एका विद्यापीठाची लहर नव्हती, याचा पुरावा इंग्लंडमध्ये मिळतो. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉनं ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढं नेला. तिथं चित्र नव्हतं, फक्त शब्द होते. यंत्र वेगळं, देश वेगळा, तरी निघालं तेच: अनेकांनी मिळून राहायचं एक काल्पनिक जग. यंत्र वाटून वापरलं आणि थोडी मोकळीक मिळाली की माणसं त्यात एकमेकांना शोधतात, हाच याचा अर्थ.

‘अवतार’ आला त्याच वर्षी, १९७९ मध्ये, बेळगावच्या उद्यमबागेत गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. १९९८ पासून तर राज्याचं तांत्रिक विद्यापीठच या शहरात आहे. अशा संस्थांनी या इतिहासातून घ्यावं ते एवढंच: यंत्रसामग्री कडक वेळापत्रकात बांधताना काही तास आणि एखादी फाईल मुलांसाठी मोकळी सोडावी, आणि तिथं सापडलेलं काही पुसण्याआधी ते पाहावं. खासबागेतल्या घरांना यातलं अर्धं तरी सांगावं लागणार नाही. मागावर बसणारा एक दिसतो, पण कांड्या भरणारे हात दुसऱ्याचे असतात, ताणा जोडणारे तिसऱ्याचे. ते थांबले की मागही थांबतो.