पट न काढता

पाठ टेकू द्यायची नाही, हे नगरच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डीकडचे यात्रांतले कुस्त्यांचे हगामे बघत तो वाढतो आणि ते अंगातच मुरतं. ज्युदोत मात्र पहिला धडा पाठीवर पडण्याचाच.

नगरमधल्या एका हॉलमध्ये हा धडा मी जवळून पाहिला. मुलं ओळीने उकिडवी बसतात. हात समोर, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. सरांनी टाळी दिली की मागे लोळायचं, आणि पाठ मॅटला लागते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत मॅटवर आपटायचे, अंगापासून साधारण ४५ अंशांत. पडण्याचा दणका हातांवर पसरतो, डोकं अधांतरी राहतं. याला उकेमी म्हणतात. नीट पडलेल्याचा आवाज एकच येतो, भरीव. कोपर आधी टेकलं तर दोन आवाज येतात, आणि सर पाठमोरे असले तरी ओरडतात, "कोपर वाचव! गाठीकडं बघ!"

तालमीतून आलेल्यांना हे सगळ्यात जड जातं. शाळेतून थेट आलेली मुलगी चार लोळण्यांत मोकळी होते, पण आखाड्यात घाम गाळलेला पोरगा शेवटच्या क्षणी मान रोवून पूल करतो. कुस्तीत त्यामुळे तो चीत होण्यापासून वाचतो. ज्युदोत असा पूल करून पडलात तर पंच सरळ इप्पॉन देतात, म्हणजे लढत तिथेच संपली. मानेच्या मणक्याला धोका असल्यामुळे हा नियम केलेला आहे, आणि मला तो पूर्ण पटतो.

दुसरी अडचण पटाची. समोरचा जरा उभा सापडला की या पोरांचे हात आपसूक पायांकडे जातात. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० पासून पायांच्या पकडीवर बंधनं आणली आणि २०१३ मध्ये उभ्याने लढताना पट्ट्याखाली हात घालणंच बंद केलं. "सर, मग पट काढायचाच नाही का?" या प्रश्नावर सर शांतपणे सांगतात, "पाय विसर. कापड धर." एका हातात बाही, दुसऱ्यात गळपट्टी. पुढचा सगळा खेळ या दोन मुठींचा. सरावाच्या शेवटी पोरांच्या बोटांची पेरं लाल झालेली असतात. कित्येकजण त्यांना चिकटपट्टी गुंडाळूनच मॅटवर उतरतात.

भारतीय ज्युदोचं भरभराटीचं वर्ष निवडायचं तर मी २०२२ निवडेन. त्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मणिपूरच्या सुशीला देवी लिक्माबामने ४८ किलो गटात आणि दिल्लीच्या तुलिका मानने ७८ किलोवरील गटात रौप्य मिळवलं, विजयकुमार यादवने ६० किलो गटात कांस्य. त्याच महिन्यात साराजेव्होला लिंथोई चनंबमने ५७ किलो गटात कॅडेट जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत, कुठल्याही वयोगटात, भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. आणि याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघाचा कारभार प्रशासकाच्या हाती दिला होता. कार्यालयात वाद चालू असताना मॅटवर पदकं येत होती, याचं श्रेय मी खेळाडूंना आणि त्यांना रोज पाडणाऱ्या प्रशिक्षकांना देतो.

या चार नावांत महाराष्ट्राचं एकही नाही, हे मला लागतं. कुस्तीसाठी तयार झालेली अंगं आपल्याकडे गावोगाव आहेत. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीसाठी नगरचं वाडिया पार्क माणसांनी फुलून गेलं होतं. त्या गर्दीतल्या थोड्या पोरांना जरी मॅट मिळाली तरी चित्र बदलेल. पण मॅट हीच खरी अडचण. स्पर्धेचं एक मैदान म्हणजे सुरक्षेच्या पट्ट्यासह किमान चौदा बाय चौदा मीटर, म्हणजे एक बाय दोनच्या अठ्ठ्याण्णव मॅट. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोच्या एका मंदिरात बारा चटयांवर सुरुवात केली हे खरं, पण ती शिकवणीची जागा होती, स्पर्धेची नव्हे. राष्ट्रीय महासंघाच्या वार्षिक अहवालात पदकांचा तक्ता असेलच. तालुक्याच्या गावी किती मॅट पोचल्या याचाही तक्ता त्यात असावा, असं मला मनापासून वाटतं.

शालेय स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यापाशी थांबलं की या खेळाची खरी ओढ कळते. पोरं पहाटे एसटीने आलेली, जन्मदाखला आणि आधार प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला पाणीही लावलेलं नाही. काटा थोडा वर गेला की जर्किन चढवून मैदानाला फेऱ्या. "मावशी, अजून एकदा बघा ना," एक मुलगी वजन घेणाऱ्या बाईंना विनवत होती. तिसऱ्या खेपेला ती बसली, चव्वेचाळीसमध्ये. मग कुठे तिने बाटली तोंडाला लावली.

ती कर्जतकडची, तालमीतून आलेली. पहिल्याच लढतीत तिचा हात पायाकडे गेला आणि शिडो, म्हणजे दंड पडला. असे तीन झाले की खेळाडू बाद. सरांनी खुर्चीवरून फक्त उजवी मूठ दाखवली. तिने बाही घट्ट धरली, कंबर आत घातली आणि समोरचीला खांद्यावरून पुढे टाकलं. आमच्या आखाड्यातली चोख धोबीपछाड. ज्युदोत हाच डाव इप्पॉन सेओई नागे. पंचांचा हात सरळ वर गेला.

खाली आल्यावर सर म्हणाले, "हीच ठेव. डाव्या बाजूनंबी बसव आता, विभागाला पोरी उजवी ओळखतील."