सर्वांचे एक आणि ज्याचे त्याचे

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात सिहोरा हे गाव आहे. हा सारा प्रदेश तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यात येथील बांध्यांमध्ये रोवणी होते व दिवाळीच्या सुमारास पिवळेधमक पीक कापणीस येते. मग धानाची पोती खरेदी केंद्राकडे जाऊ लागतात. तेथे वजन होते, पावती तयार होते आणि त्या पावतीवरच शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरते.

अशा पावत्या संगणकाने कराव्यात असे ठरले, तर त्याला आज्ञावली लिहून द्यावी लागते. तिच्यात प्रथम पावतीचा कोरा नमुना ठरवितात. त्यास ‘वर्ग’ म्हणतात. त्या नमुन्यावरून तयार झालेली एकेक पावती म्हणजे ‘वस्तू’ होय. नमुना एकच, वस्तू मात्र हव्या तितक्या. वर्गाची ही कल्पना ओले-योहान डाल व क्रिस्टेन नायगार्ड या नॉर्वेच्या दोन शास्त्रज्ञांनी 1967 मधील ‘सिम्युला’ या संगणकभाषेत मांडली.

शेतकऱ्याचे नाव आणि धानाचे वजन या गोष्टी प्रत्येक पावतीच्या स्वतःच्या असतात. एकाचे धान 12 क्विंटल, तर दुसऱ्याचे 20. परंतु हमीभाव सर्वांना सारखाच. 2024-25 च्या हंगामात साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलमागे 2300 रुपये होता. हा आकडा प्रत्येक पावतीत निरनिराळा साठविण्याचे कारण काय? केंद्राच्या भिंतीवरील फलकावर भाव एकदाच लिहितात व सर्वजण तोच वाचतात. त्याचप्रमाणे जी गोष्ट कोणा एका वस्तूची नसून सबंध वर्गाची असते, तिला ‘वर्गस्तरीय घटक’ म्हणतात. सी प्लस प्लस, जावा इत्यादी भाषांत त्यासाठी ‘स्टॅटिक’ हा शब्द योजतात. स्टॅटिक म्हणजे कधीच न बदलणारा, असा मात्र येथे अर्थ नव्हे. तो बदलू शकतो. परंतु एका ठिकाणी बदलला की सर्वांसाठी बदलतो.

पावतीच्या क्रमांकाचेही तसेच आहे. आजवर किती पावत्या झाल्या, ही मोजणी प्रत्येक पावतीने स्वतःपुरती ठेवली, तर प्रत्येकीचा क्रमांक 1 च येईल! म्हणून मोजणी वर्गाकडे असते. नवी पावती होताच ती एकाने वाढते आणि आलेला आकडा त्या पावतीवर कायमचा उमटतो. मोजणी सर्वांची, क्रमांक ज्याचा त्याचा.

काही कामेही वर्गाचीच असतात. ‘किती पावत्या झाल्या?’ या प्रश्नाचे उत्तर एकही पावती नसताना देता येते. ते ‘शून्य’ असे असते. परंतु ‘वजन किती?’ असे वर्गाला विचारले, तर ‘कोणत्या पावतीचे?’ असा प्रश्न उभा राहतो. म्हणून वर्गस्तरीय कार्याला, एखादी विशिष्ट पावती हाती दिल्यावाचून, वजनाचा हिशेब करता येत नाही.

ही वाटणी चुकली, तर अनर्थ ओढवतो. समजा, वजनच वर्गस्तरीय केले. पहिल्याचे 12 क्विंटल लिहिले, दुसऱ्याचे 20 लिहिले, तिसऱ्याचे 5 लिहिले. जागा एकच असल्यामुळे शेवटचा आकडा तेवढा उरला! आता ज्याने 20 क्विंटल धान आणले, त्याला 46,000 रुपयांऐवजी 11,500 रुपयेच मिळतील. संगणक हिशेब अचूक करील. परंतु न्याय होणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 2023-24 मध्ये हाच हमीभाव 2183 रुपये होता. नवा भाव लिहिताच जुना पुसला जातो. मग मागील वर्षाच्या 12 क्विंटलच्या पावतीची रक्कम पुन्हा काढली, तर 26,196 रुपयांऐवजी 27,600 रुपये येईल. म्हणून खरेदीच्या वेळी जो भाव लागू असेल, तो त्या पावतीवर उतरवून ठेवणे इष्ट असते. चालू भाव सर्वांचा. मिळालेला भाव ज्याचा त्याचा.

गावातही तलावाचे पाणी सर्वांचे असते आणि धानाची रास ज्याची त्याची. या दोहोंतील भेद ओळखून जो आज्ञावली लिहितो, त्याच्या हिशेबावर शेतकऱ्याने निःशंकपणे विसंबावे.