ओढ्यातल्या किड्यांचा पंचनामा

14 ऑक्टोबर 2020 च्या रात्री बारामती-इंदापूरवर आभाळ फाटले. ओढे रस्त्यांवरून वाहिले, उभी पिके पाण्याखाली गेली. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर 2019 मध्ये, कऱ्हा नदीच्या पुराने बारामतीतल्या नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या करायला लावल्या होत्या. मे 2025 मध्ये तर पाऊस उन्हाळ्यातच कोसळला आणि नीरा डावा कालवा फुटला. पुरानंतर घरांचे, पिकांचे पंचनामे होतात. ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

शेतकऱ्याच्या बोलीत किडा म्हणजे पिकाचा वैरी. ओढ्यातले हे किडे उसाला तोंडही लावत नाहीत. मेफ्लायची पिल्ले दगडांवरचे शेवाळ खातात आणि पोटाच्या कडेच्या कल्ल्यांनी श्वास घेतात. कॅडिसफ्लायच्या कितीतरी अळ्या वाळूचे कण रेशमाने जोडून स्वतःभोवती घर बांधतात. चतुर आणि टाचणीची पिल्ले पाण्यातच डासांच्या अळ्यांचा फडशा पाडतात. पाणढेकणाचा नर तर पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंडी पाठीवर वागवतो. मासे, बेडूक, धोबी पक्षी यांचे पोट याच किड्यांवर भरते.

पूर या जिवांना नवा नाही. लोंढा आला की पुष्कळ वाहून जातात. पण काही तळाच्या खडीत खोल शिरतात, काही काठच्या मुळ्यांना धरून राहतात. पंख फुटलेले हवेत असतात. पाणी ओसरले की तेच परत येऊन अंडी घालतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ओढ्यांवर डेव्हिड लिटल या शास्त्रज्ञाने आपल्या पाणढेकणाच्याच कुळातले किडे अभ्यासले. मोठ्या पावसाचा मारा जाणवताच ते लोंढा येण्याआधी पाणी सोडून काठावर चढतात.

मग आपल्या ओढ्यांत त्यांच्या परतण्याचे अडते कुठे? उत्तर काठापलीकडच्या शेतात आहे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर पावसाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, ऊस आला आणि पावसाळ्यापुरते वाहणारे कितीतरी ओढे शेतातून पाझरणाऱ्या पाण्यावर बारमाही झाले. ते पाणी क्षार आणि नत्र घेऊन उतरते. नत्रामुळे शेवाळ माजते. रात्री तेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. प्राणवायू घटला की मेफ्लाय आधी संपते. उरतात त्या गाळातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून थोड्या प्राणवायूवरही त्यांचे भागते. फवारणीचे औषध पिकावरची कीड आणि ओढ्यातला चतुर यांत भेद करत नाही, आणि फवारणीनंतरची पहिली जोरदार सर ते ओढ्यात आणून सोडते.

सर्वांत मोठा घाव मातीचा. बांधापर्यंत नांगरलेल्या रानातून बारीक गाळ वाहत येतो आणि खडीमधल्या फटी बुजवतो. पुरात लपायची जागा हीच. काठची करंज-उंबराची झाडे तोडली की धरायला मुळ्याही राहत नाहीत. खोलीकरणाच्या नावाखाली यंत्राने ओढा सरळ, सपाट केला की डोह आणि दगड दोन्ही जातात. अशा ओढ्यात लोंढा शिरला तर किड्यांना आसरा नसतो. आणि आसपासचे सगळेच ओढे तसे असतील, तर परत येणारेही कुठून येणार?

म्हणून दोष एकट्या पुराच्या माथी मारता येणार नाही. पूर किडे वाहून नेतो. त्यांची परतीची वाट आपण बुजवली आहे. हे ओढे कऱ्हेला, नीरेला मिळतात. कऱ्हा सोनगावला नीरेत आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. ओढ्यात हरवले ते नदीत सापडत नाही.

ही वाट मोकळी करणे शेतकऱ्याच्या हाती आहे. ओढ्याच्या कडेने चार-पाच पावलांचा पट्टा न नांगरता गवताला आणि झाडांना सोडा. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. पावसाचा रंग दिसत असेल तर फवारणी आणि खताचा हप्ता पुढे ढकला. खोलीकरण करताना डोह आणि दगड राखा. पावसाळा सरला, की आपल्या शिवारातल्या ओढ्यातला एक दगड उलटून पाहा आणि पुन्हा होता तसा ठेवा. त्याखाली कल्ले हलवणारी मेफ्लाय दिसली, तर ओढा अजून जिवंत आहे असे समजा आणि त्याला जपा.