मोंबासा ते नैरोबी विमानाने किती वेळ लागतो?

आमच्या वर्गात आफ्रिका खंडाचा मोठा नकाशा आहे. त्यात केनिया नावाचा देश आहे. नैरोबी ही त्याची राजधानी. मोंबासा हे समुद्रकाठचे बंदर आहे. मी आणि माझ्या बाकावरच्या मित्राने या दोन शहरांवर दोरा ताणून धरला. मग दोरा पट्टीवर ठेवला. तो साडेचार सेंटिमीटरला थोडासाच कमी भरला. नकाशाच्या खाली लिहिलंय की १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. म्हणून अंतर आलं सुमारे ४४० किलोमीटर.

जेट विमान तासाला सुमारे ८०० किलोमीटर जातं. मी वहीत गणित केलं. ३३ मिनिटं आली. मी सगळ्यांना सांगितलं, अर्ध्या तासात पोचतं! पण गुरुजी म्हणाले, वेळापत्रकात जवळजवळ एक तास असतो. सगळे मला हसले. मी गणित परत तीनदा केलं. ३३च आलं.

तेव्हा गुरुजींनी विचारलं, "आपली एस.टी. स्टँडवरून निघाली की लगेच जोरात पळते का?" नाही पळत. आधी मागे घेते, वळवते, मग फाट्याच्या पुढे पळते. विमानाचंही तसंच. आधी ते जमिनीवर हळूहळू धावपट्टीपर्यंत जातं. वर चढताना पुरा वेग नसतो. उतरायच्या आधीही वेग कमी करावा लागतो. ८०० चा वेग मधेच थोडा वेळ मिळतो. म्हणजे माझं गणित बरोबर होतं, पण विमान सगळा वेळ तेवढं पळत नाही.

मोंबासा समुद्राच्या काठी आहे आणि नैरोबी सुमारे १७०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे त्या शहराचा बराच भाग कळसूबाईपेक्षा उंच आहे! रेल्वेला एवढं सगळं चढावं लागतं. २०१७ साली नवीन रेल्वे सुरू झाली, तिला पाच-सहा तास लागतात. वाटेत त्सावो नावाचं जंगल आहे. तिथे काही ठिकाणी रूळ उंचावर आहेत आणि खालून हत्ती जातात. जुनी गाडी तर रात्रभर जायची.

ती जुनी रेल्वे इंग्रजांनी १८९६ साली मोंबासापासून बांधायला घेतली. तिच्यासाठी तेव्हाच्या हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर बोटीने नेले. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंह रात्री तंबूत शिरायचे आणि माणसं ओढून न्यायचे. शेवटी त्यांना गोळ्या घातल्या. पण सिंहांपेक्षा आजारांनी जास्त माणसं मेली. सगळे मिळून सुमारे अडीच हजार मजूर गेले. रूळ नैरोबीला १८९९ साली पोचले. तेव्हा तिथे शहर नव्हतंच, ते रेल्वेमुळे वसलं. विमान एका तासात जातं तेवढी वाट करायला तीन वर्षं लागली.

दोरा नकाशाच्या खिळ्याला बांधून ठेवला आहे. आता आम्ही कैरो ते केपटाऊन मोजणार आहोत. कोणाला मोजायचं असेल तर गुरुजींना विचारून घ्या, पण तोडू नका.